नातेवाइकाची खुर्ची

बाई दिवसभर एका रिकाम्या खुर्चीशी बोलायच्या आणि त्याची त्यांना जराही लाज वाटत नसे. मदन महल स्टेशनच्या बाजूला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. स्पेनमधल्या हॉस्पिटलांचे केसपेपर आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांचं इंग्रजी करायचो. टेबलं सगळी एका ओळीत. शेवटचं टेबल बाईंचं आणि त्यांच्यासमोर ती लाकडी खुर्ची. तिच्यावर बसायचं नाही, पर्स ठेवायची नाही, ओली छत्री तर मुळीच नाही. मी पहिल्याच दिवशी तिच्यावर डबा ठेवला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "उचल. तिथे पेशंटची बहीण बसली आहे."

मनात म्हटलं, झालं! पहिली नोकरी आणि शेजारी वेडी बाई.

वेडी नव्हती. जगातले सगळे डॉक्टर सारखेच घाईत असतात. स्पॅनिश डॉक्टरही आजार लिहीत नाहीत, आजाराची अक्षरं लिहितात. एका ओळीत तीन अक्षरं, मग एक तिरपी रेघ, मग परत चार अक्षरं, आणि त्यात एका माणसाचा सगळा जन्म कोंबलेला असतो. ती अक्षरं उलगडायची हे आमचं काम. बाईंचा नियम असा, की इंग्रजीत एक शब्दही टाईप करायच्या आधी खुर्चीकडे वळायचं आणि तिच्यावर पेशंटचा नातेवाईक बसलाय असं समजून सगळं सांगायचं. तेही ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत. "ताई, तुमच्या भावाला बीपी आहे, साखर आहे. मागे एकदा हार्टचा झटका येऊन गेला. सिगरेट सोडली म्हणतो. परवापासून छातीत दुखतंय म्हणून आणलाय." सांगताना जिथे जीभ अडेल, तिथे बाईंची पेन्सिल टेबलावर टक्कन वाजायची. "जे तिच्या तोंडावर सांगता येत नाही, ते तुला समजलंच नाही. अन् समजलं नाही तर लिहून काहून राहिली?"

मी रांझीची. वडील फॅक्टरीत, घर क्वार्टरमध्ये. शहर हिंदी बोलणारं, त्यामुळे आई मराठीत बोलायची आणि आम्ही भावंडं हिंदीत उत्तर द्यायचो. कळायचं सगळं, बोलायला मात्र तोंड उघडत नसे. त्यात भर ऑफिसात एका खुर्चीशी मराठीत बोलायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी फार विचार करून "यकृत" म्हटलं. बाई हसायलाच लागल्या. "यकृत कोणाच्या घरी असतं गं? लिव्हर म्हण. तिला कळू दे, घाबरवू नको." त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. मी "रांझी", मागच्या टेबलावरचा दुबे "कटनी", कारण तो कटनीहून यायचा. आज माझं मराठी जे काही आहे ते शाळेचं नाही आणि घरचंही नाही. ते त्या खुर्चीचं आहे.

बाईंना स्पॅनिश कुठून आलं, हे सगळे विचारायचे. शहराबाहेर मिशनचा एक दवाखाना होता, तिथे त्या तरुणपणापासून नर्स होत्या. डॉक्टर म्हणजे एक स्पॅनिश नन. सगळे त्यांना मदर म्हणायचे. पेशंटची रांग एवढी, की मदर केसपेपरवर आपल्याच भाषेतली अक्षरं खरडून पुढच्याकडे वळायच्या. मग बाहेरच्या खोलीत बाई तो कागद हातात घेऊन बसायच्या, आणि समोरच्या खुर्चीवर रानातल्या गावातून बैलगाडीने आलेला कोणाचा तरी बाप, कोणाची तरी सासू. त्यांना सांगावं लागायचं. चुकून चालायचं नाही, कारण माणूस समोर डोळ्यांत बघत असायचा. अक्षरांवरून शब्द, शब्दांवरून भाषा, अशा उलट्या वाटेने बाई स्पॅनिश शिकल्या. पुढे पत्राने कोर्स केला, परीक्षा दिली. तरी म्हणायच्या, "मला स्पॅनिशमध्ये एक कप चहा मागता येत नाही. पण पोट कुठे दुखतं ते बरोब्बर सांगते." दवाखाना बंद झाला तेव्हा मदरनी विचारलं, तुला काय हवं? बाईंनी ती खुर्ची मागितली.

त्यांची दुसरी सवय म्हणजे सही. प्रत्येक फाईलच्या शेवटी तपासणाऱ्याने आद्याक्षरं टाकायची पद्धत होती. बाई पूर्ण नाव लिहायच्या. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, तेही वळणदार, ओळ भरून. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, पण नाव एका अक्षराने कमी करत नसत. दुबे एकदा म्हणाला, "दीदी, इतने में तो एक फाईल हो जाए." बाई म्हणाल्या, "दिनभर दूसरों के टुकड़े जोड़ती हूं भैया, अपना नाम क्यों तोड़ूं?" याच दुबेने पहिल्या आठवड्यात "आय. क्यू." ही अक्षरं पाहून, ज्यांचा अर्थ तिकडे शस्त्रक्रिया असा होतो, बिनदिक्कत बुद्ध्यांक लिहून टाकलं होतं. 'बुद्ध्यांक : अपेंडिक्स काढलं.' बाईंनी त्याला काही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "कटनी, ही ओळ जरा खुर्चीला सांग बरं." तो दोन शब्द बोलला आणि आपल्याच डोक्यावर हात मारून घेतला.

मग पुण्याहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. पण त्यांना सगळं झटपट हवं असायचं. त्यांनी अक्षरांची एक तयार यादी आणली, अर्थासकट. बघा आणि टाका. आणि फाईलमध्ये कुठेही रिकामी जागा दिसली, किंवा आम्ही "वाचता येत नाही" असं लिहिलं, की त्यांच्या कपाळावर आठी. "ग्राहकाला उत्तर हवं असतं, तुमची अडचण नको असते." बाईंच्या बोलण्यावरही ते हसायचे. "काहून म्हणे! बाई, मराठीत 'का' असा एक सोपा शब्द आहे." बाई म्हणायच्या, "असेल. आमच्याकडे प्रश्न थोडा मोठा विचारतात."

एका सोमवारी आम्ही आलो तर खुर्ची जागेवर नाही. नवीन मुलगी रुजू होणार म्हणून साहेबांनी ती उचलून तिच्या टेबलाला लावली होती. बाईंनी पाहिलं. आपली स्वतःची फिरती खुर्ची ढकलत नेली, जिथे ती लाकडी खुर्ची असायची तिथे ठेवली, आणि स्वतः उभ्या राहून काम सुरू केलं. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारे, पण बसेचना. साहेब आले, म्हणाले, "हा काय तमाशा?" बाई म्हणाल्या, "तमाशा कशाचा? एक खुर्ची कमी आहे. माझी दिली तिला." साहेब तणतणले, बाईही तणतणल्या, मग नवीन मुलगी रडायला लागली, दुबे मध्ये पडला. सगळा दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी नवी खुर्ची मागवली आणि बाईंची परत जागेवर आली. आम्ही पोरींनी खाली जाऊन जिलेबी आणली. बाईंनीही खाल्ली.

तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, की त्या उभ्या राहिलेल्या दिवशी काय होऊन बसलंय.

बाई दर शनिवारी, आधीच पाठवून झालेली एखादी फाईल काढून परत खुर्चीला सांगायला लावत. त्या शनिवारी माझी निघाली. एक म्हातारी बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. मुलगा इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहायचा, तो तिला तिकडे नेणार होता म्हणून तिचे कागद आमच्याकडे आलेले. मी माझं इंग्रजी समोर धरून सांगत होते, बाई स्पॅनिश कागदावर बोट फिरवत होत्या. "दादा, तुमच्या आईला बीपी आहे, गोळी चालू आहे. तिला कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही—"

पेन्सिल वाजली.

"कोणी सांगितलं?"

"पेपरात आहे ना."

"दाखव."

त्या हॉस्पिटलच्या छापील कागदावर ॲलर्जीची एक ओळ असते आणि तिच्यात बहुतेक वेळा चार अक्षरं असतात, एन. ए. एम. सी. म्हणजे औषधांची ॲलर्जी असल्याचं माहीत नाही. ढीगभर कागदांवर तीच चार अक्षरं बघून माझ्या हाताला सवय झाली होती. ती ओळ आली की हात आपोआप तेच टाईप करायचा. आणि या कागदावर ती ओळ कोरी होती. डॉक्टरने काहीच लिहिलं नव्हतं. मीच भरली होती.

"कोरं आहे, बाई," मी म्हटलं. "पण म्हणजे नसेलच ना. असती तर लिहिली असती."

"कोरं म्हणजे नाही नव्हे, रांझी. कोरं म्हणजे विचारलं नाही." बाईंचा आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी फाईलचं शेवटचं पान काढलं. तिथे त्यांची ओळभर सही होती आणि वर सोमवारची तारीख. बाई ती सही बघत राहिल्या. "हे मी तपासलंय," म्हणाल्या. "खुर्ची नव्हती त्या दिवशी. भांडण्यात दिवस घालवला अन् काम तसंच सोडलं. हे माझं आहे."

त्या सरळ साहेबांकडे गेल्या, मागोमाग मी. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, कबूल केलं की करार जातो. ऑफिसच जातं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटत होतं. "अहो, ऑपरेशनच्या आधी तिथले डॉक्टर परत विचारतातच."

"विचारतात. कागद कोरा असला तर विचारतात," बाई म्हणाल्या. "आपण भरून दिलाय. आता काहून विचारेल कोणी?"

"मी परवानगी देत नाही."

"मी मागितली कुठे?"

साहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. वाटलं असेल, दहा जणांसमोर बाई नरमतील. त्या कसल्या नरमतात! उभ्या राहून म्हणाल्या, "चूक हिच्या हातून झाली, तपासली मी, सही माझी आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या म्हातारीला हे माहीत नाही, म्हणून मी कळवून राहिले." चूक हिच्या हातून! सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला इतका राग आला बाईंचा. वाटलं, झाकून घेता आलं नसतं? मोठ्या माणसांनी लहानांचं झाकायचं असतं ना? कोणीतरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून मी वाट बघत होते आणि बाईंच्या बाजूने बोलायचं काम माझं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तोंड शिवून उभी राहिले. आज पंचवीस वेळा सांगितलं तरी त्याची लाज कमी होत नाही.

बाईंनी ग्राहकाला पत्र चार ओळींचं लिहिलं. ॲलर्जीच्या रकान्यात डॉक्टरने काही लिहिलेलं नाही. आम्ही 'नाही' लिहिलं ते चुकलं. पेशंटला विचारावं. खाली पूर्ण नाव. तिकडून सोमवारी एका ओळीचं उत्तर आलं : मिळालं, पेशंटला विचारतो. बाई खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दादा, विचारून राहिले हो." त्या म्हातारीला कुठली ॲलर्जी होती की नव्हती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी ते कधी विचारलंही नाही.

करार गेला नाही. पण साहेबांना वरून बोलणी बसली, आणि त्यांनी बाईंसमोर टाईप केलेला कागद ठेवला. परवानगीशिवाय पत्र पाठवलं याबद्दल माफी मागते, असं काहीतरी. बाईंनी वाचला, घडी घातली, परत दिला. "चुकीची माफी मी मागितली. पत्राची मागणार नाही." मग त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाईंनी पेन्सिली गोळा केल्या, चष्म्याचं घर घेतलं आणि खुर्ची उचलली. जिना अरुंद, खुर्ची जड. सगळे आपापल्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकी घालून बसलेले. मी उठले.

अर्ध्या जिन्यात बाई थांबल्या, दम खाल्ला. म्हणाल्या, "तोंड तर उघडलं नाहीस. चलो, हात तरी लाव."

मी हात लावला. रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. खाली ऑटोत खुर्ची आडवी घातली, बाई तिच्या पायांच्या मध्ये कशाबशा बसल्या आणि अधारतालला आपल्या घरी निघून गेल्या. दुकानदार विचारत होता, आंटी शिफ्ट हो रही हैं क्या?

दुसऱ्या दिवशी मी घरून प्लॅस्टिकचं स्टूल नेलं, मोटारसायकलवर भावाच्या मागे बसून, मांडीवर धरून. बाईंच्या जागी ठेवलं आणि पहिला पेपर घेऊन त्याला मराठीत सांगायला लागले, मुद्दाम मोठ्याने. साहेब येऊन उभे राहिले. "हे काय?"

"पेशंटची बहीण," मी म्हटलं. आणि पुढची ओळ सांगायला लागले. थोड्या वेळाने मागून दुबेचा आवाज आला, "भाभीजी, आपके ससुर जी को शुगर है..." तो स्वतःच्या डब्याच्या पिशवीशी बोलत होता. साहेब निघून गेले. कोऱ्या रकान्यांवरून माझी त्यांच्याशी पुढे किती भांडणं झाली त्याची गणतीच नाही. आम्ही कोरं ते कोरंच लिहीत राहिलो.

बाई वारल्या त्याला आता वर्ष होईल. भेटायला साहेबही आले होते. म्हणाले, "फार हट्टी होत्या हो." मी म्हटलं, "होत्याच. तुम्हाला झेपल्या नाहीत, त्याला त्या काय करणार?" घरी आलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं, माहीत आहे मला.

पण एक गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. अधारतालच्या घरात बाई पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी मला फोन केला. मी पोचले तोवर त्या हॉस्पिटलच्या स्ट्रेचरवर होत्या, वेदनेने ओठ पांढरे पडलेले. काउंटरवरचा मुलगा फॉर्म भरत होता. नाव, वय, आणि मग न विचारता, वर न बघता, एका रकान्यात त्याने 'नहीं' लिहून टाकलं. मी वाकून पाहिलं. ॲलर्जीचा रकाना.

"भैया, पूछा आपने?"

"दीदी, सबका यही रहता है."

"इनसे पूछिए."

मागे रांग होती. लोक कुरकुरायला लागले. एकजण म्हणाला, मॅडम, जल्दी कीजिए. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि हललेच नाही. शेवटी तो मुलगा कंटाळून उठला, स्ट्रेचरपाशी आला. "अम्मा, किसी दवाई से एलर्जी है?"

बाईंनी डोळे उघडले. विचार केला. एवढ्या दुखण्यातही नीट विचार केला. "नहीं. किसी से नहीं."

मुलगा माझ्याकडे वळला. "वही तो लिखा था मैंने."

"तब अंदाज़ से लिखा था," बाई म्हणाल्या. "अब पूछ के लिखा है."

तो बिचारा परत जाऊन बसला. पुढचा रकाना होता, सोबत आलेल्याचं पेशंटशी नातं. त्याने पेन वर धरलं. "बेटी लिख दूं?"

"थांबा," मी म्हटलं, मराठीतच. फॉर्म त्याच्याकडून ओढून घेतला आणि स्ट्रेचरपाशी गेले. "बाई, इथे नातं विचारलंय. मी तर तुमची कोणीच लागत नाही. काय लिहू? कोरं ठेवू?"

बाईंनी माझ्याकडे मान वळवली.

"विचारलंस ना?" म्हणाल्या. "मग कोरं काहून ठेवतेस? मुलगी लिही. अन् खाली पूर्ण नाव टाक, रांझी. अक्षरं नको."

मी लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, ओळ भरून. मग त्यांना वॉर्डात नेलं. खाटेच्या बाजूला नातेवाइकासाठी एक खुर्ची ठेवलेली होती. मी तिच्यावर बसले.